खणातले घुबड : रानपिंगळा, निकोबार आणि नावांचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून रोज हजारो माणसे ये-जा करतात. चौकाच्या मध्यभागी शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. या जागेचे जुने नाव काळा चबुतरा. १८५७ च्या जून महिन्यात इथल्या छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचे शिपाई इंग्रजांविरुद्ध उठले. उठाव मोडून काढण्यात आला, अनेकांना देहदंड झाला आणि त्या शिक्षेची आठवण काळ्या चबुतऱ्याला चिकटून राहिली. सरकारी दप्तरात ही माणसे ‘बंडखोर’ या सदराखाली गेली होती. स्वातंत्र्यानंतर आपण त्यांची नोंद ‘क्रांतिकारक’ म्हणून केली आणि चबुतऱ्याचा चौक झाला. घडलेली घटना तीच होती. ती कोणत्या सदराखाली लिहायची, एवढेच बदलले. पण तेवढ्या बदलामुळे त्या जागेला स्मारक लाभले आणि शाळेतल्या मुलांना तिथे थांबण्याचे कारण मिळाले.

हा लेख पक्ष्यांविषयी आहे. तरी सुरुवात इथून केली, कारण पक्ष्यांच्या बाबतीतही सदर बदलल्याने बरेच काही बदलते. एखादा पक्षी स्वतंत्र ‘जात’ म्हणून नोंदवला गेला की दुसऱ्या एखाद्या जातीची ‘उपजात’ म्हणून, हा वाद वरवर पाहता विद्वानांचा घरगुती वाद वाटतो. प्रत्यक्षात त्या पक्ष्याकडे कोणी पाहणार की नाही, त्याची मोजदाद होणार की नाही, त्याचे जंगल तोडताना कोणी हरकत घेणार की नाही, हे पुष्कळदा त्यावर ठरते. महाराष्ट्राशी जवळचा संबंध असलेल्या दोन घुबडांच्या कथेतून हे चांगले दिसते. एक आपल्या खानदेशातले. दुसरे बंगालच्या उपसागरातले, पण त्याचा शोध लागला तो मुंबईत ठेवलेल्या नमुन्यांवरून.

१८७३ : ह्यूमचे वर्ष

१८५७ च्या उठावाच्या वेळी इटाव्याचा कलेक्टर असलेला अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला काँग्रेसच्या स्थापनेमुळे ठाऊक असतो. पक्षिशास्त्रात त्याची ओळख निराळी आहे. हिंदुस्थानभर विखुरलेले अधिकारी, रेल्वेचे अभियंते, वनाधिकारी यांना पत्रे पाठवून त्याने पक्ष्यांचे कातडे जमवले आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक चालवले. सिमल्याच्या त्याच्या बंगल्यात हा संग्रह वाढत वाढत सुमारे ८० हजार नमुन्यांवर गेला.

मध्य प्रांताच्या पूर्व भागातील फुलझर परिसरातून एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याने त्याला एक लहान घुबड पाठवले. आपल्या ओळखीच्या पिंगळ्यासारखे, पण डोके मोठे, माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र. ह्यूमने १८७३ मध्ये ही नवी जात म्हणून प्रसिद्ध केली. पाठवणाऱ्याचे नाव तिला दिले आणि ती इतर पिंगळ्यांहून पुरेशी वेगळी आहे असे वाटून तिच्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ हे स्वतंत्र कुळनामही योजले. हाच आपला रानपिंगळा.

त्याच वर्षी ह्यूम भूवैज्ञानिक स्टोलिक्झकासह अंदमान-निकोबारच्या सफरीवर गेला. नारकोंडम या जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या ज्वालामुखी बेटावरचा धनेश त्याने १८७३ मध्येच नवी जात म्हणून वर्णिला. हा धनेश जगात त्या एकाच बेटावर आढळतो. १८७५ मध्ये अंदमानातले एक गव्हाणी घुबडही त्याने वेगळे म्हणून नोंदवले आणि त्या बेटांवर काम करणाऱ्या डी रोपस्टॉर्फ या अधिकाऱ्याचे नाव त्याला दिले.

बेटावरचे पक्षी वेगळे का होतात, याचे कारण फार गूढ नाही. वादळाने वा वाऱ्याने काही पक्षी मुख्य भूमीवरून बेटावर येतात. परतीचा मार्ग समुद्राने अडवलेला असतो. पुढच्या पिढ्या आपापसांतच जोड्या लावतात. तिथले खाद्य वेगळे, शत्रू वेगळे, हवामान वेगळे. हजारो, लाखो वर्षांत रंग, आकार, आवाज बदलत जातात. अशा, एकाच प्रदेशात सापडणाऱ्या जीवाला आपण प्रदेशनिष्ठ म्हणतो. प्रश्न एवढाच उरतो की, हा बदल ‘वेगळी जात’ म्हणावी इतका झाला आहे की नाही.

तिसरे नाव

ह्यूमच्या पिढीत थोडा फरक दिसला की नवी जात, अशी रीत होती. त्यातून नावांचा पसारा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलटी लाट आली. एकमेकांसारख्या, पण वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या पक्ष्यांना एका मोठ्या जातीत घालून त्यांना तिसरे नाव, म्हणजे उपजातीचे नाव द्यायचे, असे ठरले. स्टुअर्ट बेकरने १९२२ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या पक्षिखंडांत ही पद्धत सर्रास दिसते. पुढे १९४२ मध्ये अर्न्स्ट मायरने जातीची प्रसिद्ध व्याख्या मांडली: ज्या समूहांचा आपापसांत संकर होतो आणि इतरांशी होत नाही, ती एक जात.

ही व्याख्या एका रानात राहणाऱ्या दोन पक्ष्यांना छान लागू पडते. बेटांच्या बाबतीत मात्र ती अडते. अंदमानातले गव्हाणी घुबड आणि आपल्या गढ्यांतले गव्हाणी घुबड यांच्यामध्ये शेकडो किलोमीटर समुद्र आहे. त्यांचा संकर होईल की नाही हे निसर्गात तपासण्याची संधीच नाही. अशा वेळी शंकेचा फायदा मोठ्या जातीला देण्यात आला. ह्यूमने वेगळे केलेले अंदमानी घुबड जगभर पसरलेल्या गव्हाणी घुबडाची उपजात झाले. कित्येक बेटी पक्ष्यांचे असेच झाले.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. नावांचा गोंधळ आवरण्यासाठी ते आवश्यकही होते. पण त्याची किंमत उशिरा कळली. जगभर आढळणाऱ्या जातीची उपजात म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या शिधापत्रिकेवरचे नाव. एकूण जात विपुल असली की यादीत तिच्यापुढे ‘चिंता नाही’ असा शेरा पडतो. मग एखाद्या बेटावर तिचे शेवटचे शंभर पक्षी उरले तरी तो आकडा कुठे वेगळा दिसत नाही.

एका संग्रहातले खोटे

रानपिंगळ्याचे मात्र वेगळेच झाले. त्याच्या जातीविषयी कोणाला शंका नव्हती. कुळनाम तेवढे बदलले. पुढच्या अभ्यासकांनी ‘हेटेरोग्लॉक्स’ बाजूला ठेवून त्याला साध्या पिंगळ्याच्या ‘अथेनी’ कुळात बसवले. अडचण होती ती पक्षीच दिसेना ही. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी, काही रानपिंगळे मिळवले. १८८४ नंतर नवा नमुना नाही. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने होते.

अपवाद एकच. रिचर्ड माइनरट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. म्हणजे खानदेशापासून पश्चिमेला, गुजरातेत. पुढे जे जे रानपिंगळ्याच्या शोधात निघाले त्यांच्यापुढे ही सर्वांत अलीकडची नोंद होती. शोध व्यर्थ गेले. पक्षी नामशेष झाला असावा, असे बहुतेकांनी मानले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकी अभ्यासक दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या एका मोठ्या ग्रंथाचे काम करत होती. त्यासाठी जुने नमुने पुन्हा तपासताना तिला माइनरट्झहागेनच्या चिठ्ठ्यांविषयी संशय आला. इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातला तो रानपिंगळा तिने आणि नायजेल कॉलर यांनी बारकाईने तपासला. क्ष-किरण छायाचित्रे घेतली, आत भरलेल्या कापसाची आणि टाक्यांची तुलना केली. पक्षी भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते, शिंप्याच्या शिवणीसारखी. वरून पुन्हा शिवलेल्या त्या कातड्यात डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. निष्कर्ष असा निघाला की, हा डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला पक्षी होता. संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून ‘आपला’ म्हणून मिरवला गेला होता. हे संशोधन १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले आणि माइनरट्झहागेनच्या हजारो नमुन्यांवर प्रश्नचिन्ह लागले.

मांडवीची नोंद खोटी ठरताच शोधाचा नकाशा बदलला. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी पाहिले, काही हाती लागले नाही. मग ते डेव्हिडसनच्या प्रदेशात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, चांगल्या उन्हात, एका पर्णहीन झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

त्यानंतर मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आणि पुण्याच्या अभ्यासकांनी तोरणमाळ, यावल, मेळघाट इथे त्याचा पाठपुरावा केला. मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला. तो दिवसाउजेडी वावरतो, मोठ्या सागाच्या रानात ढोलीत घरटे करतो, सरडे-उंदीर खातो, अशी माहिती जमा झाली. त्याचे कुळ कोणते, हा ह्यूमच्या काळचा प्रश्नही सुटला. पंकज कोपर्डे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासातून तो ‘अथेनी’ कुळातलाच असल्याचे दिसले. ‘स्वतंत्र कुळ’ हा ह्यूमचा अंदाज टिकला नाही, ‘स्वतंत्र जात’ हा टिकला. ‘अत्यंत संकटग्रस्त’ असा त्याचा दर्जा त्याच वर्षी एक पायरी सुधारून ‘संकटग्रस्त’ झाला. त्याला काही आपोआप पिल्ले वाढली नव्हती. अधिक ठिकाणी शोधला गेला म्हणून तो अधिक ठिकाणी सापडला.

दुसऱ्या संग्रहातले खरे

आता मुंबईकडे येऊ. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ ची. फोर्ट भागातील हॉर्नबिल हाउसमध्ये तिचा पक्षिसंग्रह आहे. खणाखणांतून कापसाने भरलेले, पायाला चिठ्ठी बांधलेले पक्षी ओळीने निजवलेले असतात. या संग्रहाची पक्षी-पक्षी तपासून केलेली यादी हे हुमायून अब्दुलअली यांचे आयुष्यभराचे काम. १९१४ साली जन्मलेले अब्दुलअली व्यवसायाने व्यापारी होते. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायद्यामागे त्यांचे परिश्रम होते. त्यांची यादी १९६८ पासून सोसायटीच्या नियतकालिकात हप्त्याहप्त्याने येत राहिली.

अब्दुलअलींना अंदमान-निकोबारची विशेष ओढ होती. ह्यूमनंतर या बेटांकडे इतक्या चिकाटीने पाहणारे थोडेच. १९६० च्या दशकात तिथे जाणे सोपे नव्हते. परवाने, बोटी, पाऊस, हिवताप, सगळे आडवे येई. १९६६ मध्ये ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बे इथे त्यांना एक लहान शिंगळा घुबड मिळाले. १९७७ मध्ये आणखी एक. शिंगळा घुबडांचे ओळखकाम फार किचकट असते. रंग तपकिरी, राखी किंवा तांबूस, कानांवर तुरे, अंगभर झाडाच्या सालीसारखी नक्षी. एका जातीतच रंगभेद असतात आणि दोन जाती हुबेहूब दिसतात. त्यामुळे या नमुन्यांची गणना आधीच ठाऊक असलेल्या पक्ष्यांत होत राहिली.

रानपिंगळ्याचे कोडे सोडवणाऱ्या रासमुसेनने हे नमुनेही पाहिले. पंखांतल्या पिसांचे प्रमाण, पायावर पिसे कुठपर्यंत आली आहेत, पट्ट्यांची ठेवण, या सगळ्यांची आजूबाजूच्या बेटांवरील शिंगळ्यांशी तुलना केली. ते कोणाशीच जुळेना. १९९८ मध्ये ही नवी जात म्हणून प्रसिद्ध झाली आणि तिला नाव मिळाले ओटस अ‍ॅलियस. ‘अ‍ॅलियस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘दुसरा’, ‘निराळा’. कॅम्पबेल बेहून आणल्यापासून ३२ वर्षांनी त्या घुबडाला स्वतःचे नाव मिळाले.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. एका संग्रहात खोटी चिठ्ठी होती आणि तिने माणसांना कित्येक वर्षे चुकीच्या रानात हिंडवले. दुसऱ्या संग्रहात चिठ्ठी खरी होती, गाव बरोबर, साल बरोबर, आणि म्हणून तीन दशकांनंतरही त्या कातड्याला साक्ष देता आली. अब्दुलअलींनी आपल्या घुबडाला नवी जात म्हटले नव्हते. पण कुठे, केव्हा आणि काय मिळाले, हे त्यांनी चोख लिहून ठेवले होते. इतिहासाच्या अभ्यासकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. अस्सल कागद जपलेला असेल तर त्याचा अर्थ पुढची पिढीही लावू शकते. ह्यूमच्या हस्तलिखितांचे उदाहरण याच्या उलट आहे. त्याने वर्षानुवर्षे लिहिलेल्या टिपणांचे गठ्ठे १८८४ च्या सुमारास नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दीत विकले. ह्यूमने त्यानंतर उरलेला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि पक्षिशास्त्र सोडले. पुढच्या वर्षी मुंबईत काँग्रेस भरली.

पुन्हा सुटी नावे

रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचा ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया’ हा ग्रंथ २००५ मध्ये आला. त्यात अंदमान-निकोबारच्या अनेक उपजातींना जातीचा दर्जा दिला होता. अंदमानी गव्हाणी घुबड त्यांतलेच. ह्यूमने १८७५ मध्ये दिलेले नाव आता पुन्हा जातीचे नाव म्हणून चालते. या ग्रंथाचा भर आवाजांवर होता. घुबडाचा घूत्कार शिकून येत नाही, तो उपजत असतो. म्हणून दोन बेटांवरच्या घुबडांचे घूत्कार ठळकपणे वेगळे असतील तर ती फार पूर्वी वेगळी झाली असावीत, असा तर्क करता येतो.

या बदलावर टीकाही झाली. उठसूट जाती फोडल्या तर यादी फुगेल, आवाजाचे पुरेसे नमुने कुठे आहेत, असे आक्षेप आले. ते निराधार नव्हते. त्यावर उपाय म्हणून जोसेफ टोबायस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गुण देण्याची पद्धत मांडली. रंग, मापे, आवाज, वर्तन यांतील फरकांना गुण द्यायचे. बेरीज सात झाली तर स्वतंत्र जात. बर्डलाइफ या संस्थेने हीच पद्धत वापरून २०१४ आणि २०१६ मध्ये जगाची यादी नव्याने केली. इतर संस्थांच्या याद्या वेगळ्याच होत्या. अखेर जून २०२५ मध्ये ‘अ‍ॅव्हिलिस्ट’ ही एकत्र यादी आली. तिच्यात ११ हजारांहून अधिक जाती आहेत. तीही दरवर्षी सुधारली जाणार आहे.

सह्याद्रीच्या दक्षिण भागातही असेच घडले. तिथल्या उंच डोंगरमाथ्यांवरचे शोला जंगल खालच्या उष्ण खिंडींनी तुटलेले आहे. त्या माथ्यांना अभ्यासक ‘आकाशातली बेटे’ म्हणतात. व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यावरून २०१७ मध्ये तिथल्या पक्ष्यांसाठी दोन नवी कुळे सुचवली. म्हणजे बेट व्हायला समुद्रच लागतो असे नाही. सातपुड्यातले सागाचे रान शेतीने चहूबाजूंनी वेढले गेले की रानपिंगळ्यासाठी तेही बेटच होते. फरक इतकाच की, पहिली बेटे निसर्गाने लाखो वर्षांत केली आणि हे आपण शे-दीडशे वर्षांत केले.

नावाने काय साधते

नाव मिळाले म्हणजे पक्षी वाचला, असे नाही. नारकोंडमच्या धनेशाला जातीचे नाव १८७३ मध्येच मिळाले होते. त्या बेटावर तटरक्षक दलाचे रडार उभारायची परवानगी पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये या धनेशाकडे बोट दाखवून नाकारली. २०१४ मध्ये ती दिली. पण मधल्या काळात देशभर चर्चा झाली, अटी घातल्या गेल्या, पक्ष्यांची मोजणी झाली. तो धनेश दुसऱ्या कोणा धनेशाची उपजात असता तर यातले काय झाले असते?

ओटस अ‍ॅलियसचे घर असलेल्या ग्रेट निकोबारवर आज हाच प्रश्न उभा आहे. गालाथिया खाडीतील अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवी वसाहत यांच्या एकत्रित प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन लागणार आहे. संरक्षण आणि व्यापार यांच्या बाजूने सरकारची भूमिका आहे. शोंपेन आणि निकोबारी लोकांचे हक्क, कासवांचा किनारा आणि मेगापोड पक्षी यांच्या बाजूने आक्षेप आहेत. दोन्ही बाजूंचे मोजमाप करायचे तर आधी तिथे काय आहे, याची यादी हवी. ती यादी अजून पुरी झालेली नाही. १९६६ मध्ये बेटावरून आणलेले घुबड वेगळे आहे हे कळायला १९९८ उजाडले. मग ज्यांचा एकही नमुना कोणत्या खणात नाही, त्यांचे काय?

संध्याकाळी या शहरातल्या जुन्या झाडांवरून पिंगळ्याची कर्कश जोडगाणी ऐकू येतात. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याचे आणि या पक्ष्याचे नाव एकच. रानपिंगळा त्याचा भाऊबंद. इथून उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आणि तापीचे खोरे ओलांडले की सातपुड्यात तो आजही उन्हात बसलेला सापडतो. तो तिथे ११३ वर्षे होताच. गावकऱ्यांना तो दिसतही असेल. नोंद तेवढी नव्हती.